पिशवीला दोष देण्याआधी

गेल्या महिन्यात एक जोडपे जाडजूड फाइल घेऊन आले. बाईंचे वय 37. ब्लास्टोसिस्ट गोठवून ठेवलेले, पहिले ट्रान्सफर अजून व्हायचे होते. त्याआधीच एक अख्खे चक्र ‘मॉक सायकल’मध्ये गेले होते: इस्ट्रोजेनच्या गोळ्या, पाच दिवस प्रोजेस्टेरॉन, मग अस्तराची बायोप्सी. अहवाल ‘प्री-रिसेप्टिव्ह’. बाईंनी हळूच विचारले, “डॉक्टर, माझी पिशवी गर्भ धरतच नाही का हो?”

ज्या पिशवीत एकही भ्रूण ठेवलेले नाही, ती नापास झाली, असे त्या धरून चालल्या होत्या. हे संपादकीय त्या प्रश्नामुळे लिहितो आहे.

अस्तराचा दिवस ओळखण्याची धडपड जुनी आहे. नॉइस, हर्टिग आणि रॉक यांनी 1950 साली सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराची ‘तारीख’ वाचायला शिकवले. आपल्यापैकी अनेकांनी पदव्युत्तर शिक्षणात तेच घोकले. 2011 मध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सियाच्या संशोधकांनी 238 जनुकांच्या हालचालीवरून ही तारीख सांगणारी ‘ईआरए’ चाचणी मांडली. कल्पना मलाही भावली होती. अस्तर ठरावीक काळच भ्रूणाला थारा देते आणि तो काळ प्रोजेस्टेरॉनने सुरू होतो, हे शरीरशास्त्र खरेच आहे. पण म्हणून ट्रान्सफर काही तास पुढे-मागे केल्याने मूल होण्याची शक्यता वाढते का?

याचे उत्तर 2022 च्या डिसेंबरमध्ये ‘जामा’ने छापले. अमेरिकेतल्या 767 स्त्रिया. बायोप्सी सगळ्यांची झाली, गुणसूत्रे तपासलेले एकेकच गोठवलेले भ्रूण ठेवले गेले. अहवालानुसार वेळ ठरवलेल्या गटात जिवंत अपत्यजन्म 58.5 टक्के, नेहमीच्या वेळेच्या गटात 61.9 टक्के. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नाही, त्यामुळे चाचणीने नुकसान होते असे मी म्हणणार नाही. फायदा मात्र दिसला नाही, आणि पहिल्याच ट्रान्सफरआधी सरसकट ही चाचणी लिहून देण्याला मला आधार सापडत नाही.

वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांचा प्रश्न वेगळा. त्या अभ्यासाचा रोख त्यांच्यावर नव्हता. तिथेही आधी हिस्टेरोस्कोपी करून पॉलिप, चिकटलेले अस्तर बघा. नळीत पाणी साचले आहे का, बघा. आणि आपल्या देशात क्षयरोग विसरू नका. जननमार्गाच्या क्षयाने जळून गेलेले अस्तर कितीही तास मोजले तरी तयार होत नाही. शिवाय सदतिशीत बऱ्याच भ्रूणांची गुणसूत्रेच सदोष असतात, आणि बोल लागतो पिशवीला.

2021 च्या एआरटी कायद्याने लेखी संमती बंधनकारक केली आहे. माझी विनंती एवढीच, की चाचणीची सही घेण्याआधी 58.5 आणि 61.9 हे दोन आकडे जोडप्याला मराठीत समजावून सांगा. सोबत खर्च, बायोप्सीची कळ आणि वाया जाणारा महिनाही सांगा.

त्या बाईंना मी हेच सांगितले. त्या बराच वेळ फाइलकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझी परीक्षा अजून झालीच नव्हती.” पुढच्या चक्रात नेहमीच्या वेळेला ट्रान्सफर करायचे ठरले आहे.