पाच वाक्यांचे पत्र, सहाशे संदर्भ

शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत संदर्भांची यादी असते. सामान्य वाचक ती वाचत नाही, हे समजू शकते. पण ती यादी देणारेही कित्येकदा मूळ लेख उघडत नाहीत. त्याचे मोल मात्र रुग्णाला चुकवावे लागते.

१० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि डॉ. हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापून आले. त्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. अफूवर्गीय औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांत व्यसनाची ठोस नोंद सापडली. रुग्णालयात परिचारिका मोजून औषध देते. तिथली ही गोष्ट. घरी जाऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचे काय होते, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते.

तरीही हे पत्र ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून फिरत राहिले. कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये त्याचा माग काढला. ६०८ लेखांनी त्याचा संदर्भ दिला होता. त्यांपैकी सुमारे ७२ टक्के लेखांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा दाखला म्हणून वापरले. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे तर ८० टक्क्यांहून अधिक लेखांनी सांगितलेच नाही. १९९० च्या दशकात ‘ऑक्सिकॉन्टिन’ बाजारात आल्यावर हे संदर्भ वाढले. पुढे अमेरिकेत अफूवर्गीय औषधांनी लाखो बळी घेतले. त्याला औषधांची आक्रमक जाहिरातबाजी आणि इतरही कारणे होती. पण डॉक्टरांची भीती घालवण्यात या पत्राचा हातभार लागला.

पत्र खोटे नव्हते. खोटा ठरला तो त्याचा वापर. एकाने लिहिले, दुसऱ्याने त्याच्याकडून उचलले, तिसऱ्याने दुसऱ्याकडून.

एका निबंधाला शंभर संदर्भ लागतात, ते सगळे वाचायचे कधी, अशी सबब ऐकू येते. मग पंचवीसच द्यावेत, पण वाचून द्यावेत. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला यादीतील कोणत्याही पाच लेखांबद्दल तोंडी विचारावे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भही बिनदिक्कत देतात. तेव्हा ही सवय अधिकच गरजेची आहे.

वाचकांनीही ‘संशोधनातून सिद्ध झाले’ असे दिसले की तीन प्रश्न विचारावेत : कोणावर, किती जणांवर आणि किती काळ? सांगोवांगीच्या गोष्टीपुढे संदर्भाचा आकडा जोडला, म्हणून ती विज्ञान होत नाही.