ओटीपी सांगणारी आई आणि अचौर्य अणुव्रत



मुलं परदेशी असलेल्या घरांत हल्ली एक फोन ठरलेला असतो. "आई, तुझ्या मोबाइलवर आकडे आलेत का बघ, पटकन सांग." आई चष्मा शोधते, आकडे सांगते आणि तिकडे न्यू जर्सीत नाहीतर लंडनमध्ये मराठी मालिका सुरू होते. वर्गणी आपल्या नावावर, पत्ता सांगलीचा, बघणारी माणसं समुद्रापलीकडे. यात काही वावगं आहे असं सहसा कुणाच्या मनातही येत नाही. चातुर्मासात स्वाध्यायाला अचौर्यव्रत निघालं की मात्र आपण सगळ्या माना डोलावतो, आणि उदाहरणं देतो ती वजनकाट्याची.

हे सगळंच चोरी आहे असं मला वाटत नाही. पण सगळंच चालतं असंही वाटत नाही. म्हणून जरा वेगवेगळं करून पाहू.

आधी हे चालतं कसं ते. प्रत्येक इंटरनेट जोडणीला एक क्रमांक असतो आणि त्यावरून समोरच्या कंपनीला आपण कोणत्या देशातून आलो ते कळतं. व्हीपीएन घेतलं की आपली मागणी आधी दुसऱ्या देशातल्या एका संगणकाकडे जाते आणि तिथून पुढे. कोल्हापूरचं पत्र पुण्याच्या पेटीत टाकलं तर शिक्का पुण्याचा पडतो, तसंच. मुळात ही सोय ऑफिसचं काम बाहेरून सुरक्षित करता यावं म्हणून निघाली. मालिका बघायला ती कामाला आली ती नंतर.

आता कंपन्या अडवतात का? कॉमर्स शिकलेल्या बाईला हे कळायला अवघड नाही. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याने पुण्याची एजन्सी एकाला दिली की तो स्वतः पुण्यात माल विकत नाही, विकला तर एजंट भांडायला येतो. सिनेमाचे आणि क्रिकेटचे हक्क असेच देशादेशांना वेगळे विकले जातात. शिवाय भाव. 2025 च्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा मोबाइलवरची सर्वांत स्वस्त योजना तीन महिन्यांना 149 रुपयांची होती. अमेरिकेत एवढ्यात एक धड सँडविच येत नाही. तिथल्या मिळकतीला तिथला भाव लावायचा तर इथला स्वस्त माल तिकडे जाऊ नये याची तजवीज करावीच लागते. नेटफ्लिक्सने 2016 च्या जानेवारीत एकदम 130 नव्या देशांत दुकान मांडलं आणि त्याच महिन्यात व्हीपीएनवाल्यांना अडवणार असंही जाहीर केलं. ही दोन्ही कामं एकाच हिशेबातली आहेत.

आता आपल्या शास्त्राकडे येऊ. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तुम्हाला पाठ असतील. त्यातला 'विरुद्धराज्यातिक्रम' शिकवताना पाठशाळेत आम्हाला जकात चुकवण्याचं उदाहरण देत. पण पूज्यपाद आचार्यांची सर्वार्थसिद्धी उघडून पाहा. राज्याची रीत मोडून, जिथे भारी वस्तू कमी मोलात मिळते तिथून ती मिळवण्याची धडपड, असा त्याचा आशय आहे. हे वाचून मी थबकले. अमेरिकेत बसून भारताच्या भावाने वर्गणी भरायची, हे दुसरं काय आहे?

तरी यातला सर्वांत वाईट प्रकार व्हीपीएन नव्हेच. परदेशातल्या आपल्या वस्तीत एक काळा डबा मिळतो. एकदा पैसे भरा, हिंदी-मराठी-गुजराती सगळी चॅनेलं कायमची. डबा विकणाऱ्याने ज्यांची चॅनेलं आहेत त्यांना दमडी दिलेली नसते. तो चोरलेला माल आहे आणि चोरलेला माल घेणं हा स्वतंत्र अतिचार आहे, तदाहृतादान. आश्चर्य म्हणजे हा डबा रात्रिभोजन न करणाऱ्या, कांदा-लसूण कटाक्षाने टाळणाऱ्या घरांतही असतो, आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जातो! इथे मला काही वाद घालायचा नाही. तो डबा घरात नको.

व्हीपीएन लावून भारतीय वर्गणीवर बघणं याचा निवाडा इतका सोपा नाही. झी५ सारखी सेवा परदेशातही रीतसर मिळते, तिथल्या भावाने. ती मिळत असताना केवळ स्वस्त पडतं म्हणून आईचं खातं वापरायचं, हे मला पटत नाही. मुलगा डॉलरमध्ये कमावतो, गाडीचा हप्ता डॉलरमध्ये भरतो, मग मालिका तेवढी रुपयात का?

पण जिथे दुकानच बंद आहे तिथे काय करायचं? अमेरिकेतलं हॉटस्टार 2022 च्या अखेरीस बंद केलं. पैसे भरायला तयार असलेल्या घरांनाही तेव्हा दुसरं ठिकाण शोधत फिरावं लागलं. मालाची मागणी आहे, गिऱ्हाईक पाकीट उघडून उभं आहे आणि व्यापारी फळी लावून घेतो, तर त्या गिऱ्हाइकाला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणखी एक प्रसंग आपल्या वयाच्या बायकांचा. सुनेचं बाळंतपण म्हणून सहा महिने तिकडे जायचं. इथे वर्षाची वर्गणी भरलेली. तिथे उतरलं की पडद्यावर येतं, तुमच्या प्रदेशात ही सेवा उपलब्ध नाही. बाहेर बर्फ, मुलगा कामावर, बोलायला कुणी नाही आणि पैसे भरलेली मालिकाही बंद. युरोपियन युनियनने यावर 1 एप्रिल 2018 पासून नियमच केला. एका सदस्य देशात वर्गणी भरलेला माणूस दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरता गेला तर त्याला त्याची सेवा तिथेही मिळालीच पाहिजे. आपल्या कंपन्यांना हे का जमू नये? अशा बाईने मुलाच्या व्हीपीएनवरून आपल्याच खात्यात पाहिलं, तर कंपनीच्या अटी मोडल्या हे खरं. कंपनी खातं बंद करू शकते. पण तिने कुणाचे पैसे बुडवले असं मी म्हणणार नाही.

माझी खरी अडचण अचौर्यापेक्षा सत्याणुव्रताची आहे. पुष्कळ वेळा नुसतं व्हीपीएन पुरत नाही. नवीन खातं काढताना भारतातला पत्ता टाकायचा, मोबाइल क्रमांक आईचा द्यायचा, राहतो कुठे तर सांगलीत. लिहून दिलेलं खोटं म्हणजे कूटलेखक्रियाच की. आणि कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द आपण सामायिकात रोज म्हणतो. आकडे सांगणारी आई त्यात कुठे बसते, हे जिचं तिने ठरवावं.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी मला वरच्या सगळ्यापेक्षा तातडीची वाटते. फुकटचं व्हीपीएन मुळीच नको. 2015 मध्ये होला नावाच्या फुकट सेवेचं बिंग फुटलं. ती वापरणाऱ्यांच्या घरची इंटरनेट जोडणी कंपनी परस्पर इतरांना विकत होती. 2024 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने याहून मोठं प्रकरण उघड केलं. फुकट व्हीपीएनच्या अ‍ॅपांतून जगभरातल्या घरांतले संगणक ताब्यात घेतलेले, 1 कोटी 90 लाखांहून जास्त क्रमांक, आणि त्यांच्या आडून दुसऱ्या लोकांनी फसवणुकीपासून मुलांच्या शोषणापर्यंत सगळं केलेलं. म्हणजे पाप करणारा कुणी दुसराच, आणि पोलिसांच्या कागदावर क्रमांक तुमच्या लेकीच्या घराचा. आपण मालिका फुकट पाहिली असं वाटतं, पण मोल दिलेलं असतं घराच्या दाराने.

दुबई-अबूधाबीत मुलं असतील तर आणखी जपून. भारतात, अमेरिकेत, ब्रिटनमध्ये व्हीपीएन वापरणं हा स्वतःहून गुन्हा नाही. संयुक्त अरब अमिरातीत मात्र 2021 च्या सायबर कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी असा बनावट क्रमांक वापरला तर कैद आणि 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड अशा शिक्षा आहेत. मालिका पाहणं त्यात कुठे बसतं याचा खल वकिलांनी करावा. आपल्या जावयाने तो तिथल्या पोलीस ठाण्यात करू नये.

मालिका पाहून कषाय किती वाढतात हा निराळा विषय आहे, त्यावर दशलक्षणात लिहीन. पण घरची भाषा कानावर पडावी ही तिकडच्या मुलांची भूक खरी आहे. नातवाला आजीसारखं मराठी बोलता यावं म्हणून सून धडपडते, तेव्हा तिला नुसता उपदेश काय कामाचा? सरळ मार्गाने मिळणारंही पुष्कळ आहे. सह्याद्री वाहिनीचे कार्यक्रम यूट्यूबवर आहेत. पारस, जिनवाणी या आपल्या वाहिन्याही यूट्यूबवर दिसतात, त्यामुळे प्रवचनाला आणि अभिषेकाला व्हीपीएन लागत नाही. आकाशवाणीची मराठी केंद्रं न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर ऐकता येतात, स्वयंपाक करताना तर रेडिओच बरा. आणि झी५ ची तिकडची वर्गणी नातवाच्या वाढदिवसाला आजीने भेट म्हणून द्यायला काय हरकत आहे? नाहीतरी आपण त्याला न होणारे कपडेच पाठवतो.