सब्र करा, पण अर्जही करा

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ दरम्यान चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. पुढच्या दिवशी आकडा ३१ वर गेला. खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. तो व्हिडिओ देशभर फिरला.

त्याच आठवड्यात एका बापानं नांदेड ग्रामीण पोलीस ठाण्यात तक्रार दिली. मुलगी बाळंतपणाला आणली होती, आधी बाळ गेलं, मग ती गेली. हजारो रुपयांची औषधं बाहेरून आणायला लावली आणि डॉक्टर वेळेवर आले नाहीत, असं त्याचं म्हणणं. अधिष्ठाता आणि एका डॉक्टरवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

यातलं खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण खासदारांचा झाडू आणि त्या बापाचा अर्ज यांत फरक आहे. झाडूनं एका माणसाचा अपमान झाला, बाकी काही बदललं नाही. अर्जाला मात्र सरकारला उत्तर द्यावं लागतं.

आपल्या मोहल्ल्यांत हा अर्ज होत नाही. माणूस गेला की आपण मय्यत लवकर घरी न्यायच्या घाईत असतो. पोस्टमॉर्टेम नको, पोलीस नको. कुणी विचारलंच तर 'अल्लाहची मर्जी' म्हणून विषय मिटतो. मौत अल्लाहच्या हाती आहे, हे माझ्याही घरात मानतात. पण चोवीस खाटांच्या नवजात अतिदक्षता कक्षात साठच्या वर बाळं ठेवावी लागली, ती कुणाची मर्जी? तो मंत्रालयातल्या फायलींचा हिशेब आहे. उंट बांधण्याची हदीस आपण मुलांना सांगतो आणि दवाखान्याच्या दारात विसरतो.

दुसरं कारण भीतीचं आहे. नांदेड, हिंगोली, परभणी, यवतमाळ, तेलंगणाची सीमा, सगळीकडचा गरीब माणूस शेवटी विष्णुपुरीलाच येतो. उद्या पुन्हा तिथंच जायचं, मग वैर कशाला? ही भीती खोटी नाही. म्हणूनच अर्ज एकट्या घराचा नसावा, मोहल्ल्याचा असावा.

आणि काही ठिकाणी उलटंच होतं: काचा फुटतात, ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला मार बसतो. २०१० च्या राज्याच्या कायद्यानं त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्या पोरानं ना औषधखरेदी अडवलेली असते, ना पदं रिकामी ठेवलेली. मार खाणारा चुकीचा माणूस, आणि तुरुंगात जाणाराही आपलाच पोरगा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर तासभर बंद पडला तरी किती वाजता काय झालं, कुणाला कधी कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं लिहून काढावं लागतं. त्या अहवालालाही आम्ही पोस्टमॉर्टेमच म्हणतो. एका वेबसाइटसाठी जे करतो, ते एका बाळंतिणीसाठी का मागू नये?

मागायला आधार आहे. रुग्णाच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. मातामृत्यूच्या आढाव्याच्या केंद्रीय सूचनांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत मयत स्त्रीच्या नातेवाइकांनाही बोलवायचं असतं. किती घरांना हे माहीत आहे?

कायद्यातही खोट आहे. सगळ्यांना संपूर्ण मोफत उपचार देणारं रुग्णालय ग्राहक कायद्याखाली येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ठरवलं. पैसे भरणाऱ्याला ग्राहक आयोग, फुकट उपचार घेणाऱ्याला फक्त सब्र! शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यानं मोफत उपचार जाहीर केले, ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. विष्णुपुरीचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. चिठ्ठी घेऊन मेडिकलवर पळणाऱ्या बापाला हा विभागांचा फरक कोण समजावणार?

आपल्याकडे तंजीमा आहेत, रुग्णवाहिका आहेत, रक्तदान शिबिरं होतात. आता प्रत्येक मोहल्ल्यात अर्ज लिहून देणारी दोन शिकलेली पोरं हवीत. केसपेपरचा फोटो काढा. बाहेरच्या औषधांची प्रत्येक पावती जपा. कोण डॉक्टर किती वाजता आले ते लिहून ठेवा. अर्ज द्या आणि पोच घ्या. शेजारचा हिंदू असो की बौद्ध, त्याचाही अर्ज तुम्हीच लिहून द्या. त्या कक्षात एकाच वॉर्मरवर ठेवलेल्या बाळांना कुणी धर्म विचारला नव्हता.

जनाजा उचलायला सगळा मोहल्ला येतो. त्यातल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी त्या घरी कागद-पेन घेऊन जावं.