आमदारसाहेब, कपात सूचना किती दिल्यात?



दरवर्षी डिसेंबरात आपण नागपूरला जातो. पऱ्हाटीची वेचणी अर्धी टाकून, गाडीभाडे खिशातून भरून. मोर्चा कठड्यापाशी अडतो. पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते, मंत्री निवेदन घेतो, फोटो निघतो. "सकारात्मक विचार करू" एवढे ऐकून आपण रात्रीच्या गाडीने वर्ध्याला परत येतो. निवेदनात ठळक अक्षरात लिहिलेले असते, की अमुक योजनेची तरतूद वाढवा.

ज्या सभागृहाच्या दारात उभे राहून आपण हे मागतो, त्या सभागृहाला तरतूद एका रुपयानेही वाढवता येत नाही. हे आपल्याला कोणी सांगत नाही. आत बसलेले तर मुळीच सांगत नाहीत, कारण न सांगण्यातच त्यांची सोय आहे.

घटनेचा अनुच्छेद 203 वाचा. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय, म्हणजे सरकारच्या मर्जीशिवाय, खर्चाची मागणी सभागृहात येतच नाही. आलेल्या मागणीवर विधानसभेला तीनच गोष्टी करता येतात. मंजूर करणे, नामंजूर करणे किंवा रक्कम कमी करणे. वाढवणे त्यात नाही. कर्जावरचे व्याज आणि त्यासारखा काही खर्च तर मतदानालाही टाकला जात नाही. मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येते. अनुच्छेद 204 सांगतो की त्या विधेयकात रक्कम किंवा तिचे प्रयोजन बदलणारी दुरुस्ती मांडताच येत नाही. वरच्या सभागृहाने अडवायचे म्हटले तरी चौदा दिवसांपलीकडे अडवता येत नाही.

म्हणजे पेरणीची तिफण सरकारच्या हातात आणि सभागृहाच्या हातात फक्त विळा. इथवर तक्रार नाही. प्रत्येक आमदाराला तरतूद वाढवायची मोकळीक दिली तर तिजोरी आठ दिवसांत रिकामी होईल. तक्रार अशी आहे की हातातला विळा यांनी कधी चालवला, हे कोणी विचारत नाही.

त्या विळ्याचे नाव कपात सूचना. आमदार लेखी सूचना देतो की या मागणीतून शंभर रुपये कमी करा. शंभर रुपये वाचवण्यासाठी ती नसते. त्या निमित्ताने गाऱ्हाणे नोंदवता येते, कारण द्यावे लागते, चर्चा मागता येते आणि मंत्र्याला उत्तराला उभे करता येते. धोरणच नापसंत असेल तर सगळी मागणी एक रुपयावर आणा अशी सूचना देता येते. उधळपट्टी दिसली तर नेमकी तेवढी रक्कम कापा म्हणता येते. घटनेने आमदाराला दिलेले हे सर्वांत धारदार हत्यार आहे आणि ते फुकट आहे.

होते काय? मागण्यांवरच्या चर्चेला मोजके दिवस असतात. त्यात भाषणे पुतळ्यांवर, पक्षफोडीवर आणि एकमेकांच्या बापजाद्यांवर होतात. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना मतास टाकतात. संसदीय भाषेत याला गिलोटिन म्हणतात. फ्रान्समध्ये मुंडके उडवायचे जे यंत्र होते त्याचेच हे नाव, आणि ते चपखल आहे. हजारो कोटी "होय" च्या एका आवाजात पार पडतात. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची एक गाडी मोजायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मग रक्कम वाढते कुठे? वाढते तर नक्कीच! ती वाढते सभागृहाच्या आधी, मंत्रालयात. खाती आपापले अंदाज अर्थखात्याकडे पाठवतात, मंत्री आपसात ओढाताण करतात, सत्ताधारी आमदार आपल्या रस्त्याची, पुलाची, सभागृहाची नावे पुस्तकात घुसवतात. सौदा तिथे होतो. सभागृहात येते ती शिवून बंद झालेली गाठ. आपण गाठ बांधून झाल्यावर कापूस बदला म्हणत जातो. याला वरातीमागून घोडे म्हणतात.

आता पुरवणी मागण्यांकडे या. शेतकऱ्याचा सर्वांत जास्त संबंध यांच्याशी येतो, आणि सर्वांत कमी माहिती त्याला यांचीच असते. मार्चमध्ये मंजूर केलेले पैसे पुरले नाहीत किंवा नवा खर्च निघाला की अनुच्छेद 205 खाली सरकार पुन्हा हात पसरते. 10 मार्च 2025 ला मांडलेला 2025-26 चा अर्थसंकल्प होता 7,00,020 कोटींचा. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या आल्या 57,509 कोटींच्या. डिसेंबरात नागपूरला आल्या 75,286 कोटींच्या. या दोन अधिवेशनांची बेरीज 1,32,795 कोटी. मूळ अर्थसंकल्पाच्या शंभर रुपयांमागे एकोणीस रुपये! यातली काही रक्कम नुसती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरते, काहीच्या बदल्यात केंद्राचे पैसे येतात, हे मान्य. तरीही, वर्षाचा जमाखर्च मार्चमध्ये मांडला आणि नऊ महिन्यांत पाचवा हिस्सा वरून लिहिला, असे एखाद्या सोसायटीच्या गटसचिवाने केले असते तर सहनिबंधकाने त्याला घरी बसवले असते.

त्या डिसेंबरातल्या पुरवणी मागण्यांत अतिवृष्टीच्या मदतीचे 15,648 कोटी होते. 2025 च्या सप्टेंबरात पाऊस बरसला, बोंडे काळी पडली, सोयाबीन जागेवर कुजले. 7 ऑक्टोबरला सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. घोषणा पत्रकार परिषदेत झाली, रक्कम मतास आली दोन महिन्यांनी. आणि ते अधिवेशन होते सात दिवसांचे, 8 ते 14 डिसेंबर. जाहीर झालेली रक्कम आणि मतास पडलेली रक्कम यांच्यातला फरक कुठून भरला, केंद्राकडून किती, आकस्मिकता निधीतून किती, आधीच्या तरतुदीतून किती, हा प्रश्न ओळीओळीने विचारण्याची जागा म्हणजे ती मागणी. आपल्या चार आमदारांपैकी कोणी तो विचारला? नसेल विचारला तर का नाही?

पैसा नसतो असे नाही. 28 जून 2024 ला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. 9 जुलैला 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या आणि त्यात या योजनेचे 25,000 कोटी होते. अकरा दिवस! बहिणींना पैसे मिळाले याचे दुःख नाही. त्या आपल्याच घरच्या आहेत, त्याच कापूस वेचतात. पण त्याच सरकारने 2023 च्या खरिपात भाव पडून झालेल्या नुकसानीपोटी कापूस-सोयाबीनवाल्यांना हेक्टरी 5,000 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, द्यायला 2024 चा सप्टेंबर संपवला. नोव्हेंबरात निवडणूक नसती तर तेही कधी आले असते कोण जाणे. पैशाला वाट सापडते ती निकडीमुळे. निकड कोणाची, हे मंत्रालयात ठरते.

ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस कर्जमुक्तीसाठी नागपूरचे रस्ते अडले तेव्हा सरकारने निर्णयासाठी 30 जून 2026 ही तारीख दिली. तारीख दिली, आकडा दिला नाही. आकड्याशिवाय तारीख म्हणजे बियाण्याशिवाय पेरणीचा मुहूर्त. पुढे असे आश्वासन कोणीही दिले की पहिला प्रश्न एकच विचारा. कोणत्या मागणीत, किती कोटी, आणि कोणत्या अधिवेशनात?

काही जण म्हणतील, कपात सूचना कधी मंजूर होत नसते, ती देऊन काय उपयोग? त्यांना आपल्याच नागपूरचा इतिहास सांगतो. तेव्हा वर्धा मध्य प्रांतात होता आणि कायदेमंडळ नागपुरात भरत होते. 1923 च्या निवडणुकीत तिथे स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. 1924 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यांनी सरकारच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार कापून वर्षाला दोन रुपये केला. मंत्र्यांना जावे लागले आणि खाती गव्हर्नरला स्वतःच्या हाती घ्यावी लागली. मतदार मूठभर, अधिकार तुटपुंजे, डोक्यावर इंग्रज सरकार, तरी ही हिंमत झाली. आज 288 आमदार प्रौढ मतदानाने निवडून जातात आणि शंभर रुपये कापा म्हणायला त्यांचा हात कापतो!

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. सत्ताधारी आमदार पक्षादेश मोडून मत देऊ शकत नाही. 1985 च्या पक्षांतरबंदीपासून त्याची आमदारकी पणाला लागते. बरोबर. म्हणून सत्ताधारी आमदाराला कपात सूचनेवर मत मागू नका. त्याला मागायचे ते आधी, सौदा चालू असताना. त्याने कोणत्या मंत्र्याला, कोणत्या तारखेला, कोणत्या बाबीसाठी पत्र दिले, त्याची प्रत मागा. विरोधी आमदाराला कपात सूचनेची प्रत मागा. दोघांनाही कागद मागायचा आहे. भाषण कोणाचेच नको.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. आपण भीक मागत नाही, घामाचे दाम मागतो. मग सरकारी खर्चाची उठाठेव कशाला? मी म्हणतो, म्हणूनच! हमीभाव दिल्ली ठरवते, कापसाचे आयात शुल्कही दिल्लीच काढते आणि घालते. 2025 च्या ऑगस्टात आपली पऱ्हाटी फुलावर असताना तिने अकरा टक्के शुल्क उठवलेच. ती लढाई दिल्लीशी, ती चालूच राहील. पण फवारणीच्या बाटलीवर आपण अठरा टक्के कर भरतो आणि त्यात राज्याचा वाटा असतो. तो पैसा कुठे जातो हे विचारणे भीक मागणे नव्हे. आणि सरकारी उधळपट्टी कापा ही तर आपली जुनीच मागणी आहे. घटनेने विधानसभेला दिलेला अधिकारही नेमका कापण्याचाच आहे.

मंजूर होणे म्हणजे मिळणे नव्हे, हेही ध्यानात ठेवा. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष 3,186 कोटी काढला. त्यात विदर्भाचा 1,246 कोटी होता. अनुच्छेद 371(2) खाली 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपू दिली गेली. गोसीखुर्दची किंमत 1983 मध्ये 372 कोटी होती, ती 2016 मध्ये 18,494 कोटी झाली. वर्षामागून वर्षे मागण्या मंजूर होत गेल्या. मतास पडलेला पैसा खात्याकडे पोचला का, पोचलेला खर्च झाला का, की 31 मार्चला परत गेला, हा हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षक दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवतात. तो उघडून वाचणारा आमदार आपल्याला हवा आहे.

तेव्हा या बैठकीत चार गोष्टी ठरवा.

एक. निवेदन अधिवेशनात द्यायचे नाही. डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांसाठी दसरा-दिवाळीच्या दरम्यान, मार्चच्या अर्थसंकल्पासाठी डिसेंबरच्या आतच आमदाराच्या घरी जायचे.

दोन. निवेदनात मागणीचा क्रमांक लिहायचा. नैसर्गिक आपत्तीची मदत सी-6, कृषी सेवा डी-3. क्रमांक लिहिलेला कागद चटकन केराच्या टोपलीत जात नाही.

तीन. आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा या चारही आमदारांना प्रत्येक अधिवेशनानंतर एकच पत्र द्यायचे. कपात सूचना किती दिल्या, कोणत्या मागणीवर, मंत्र्याने काय उत्तर दिले? पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर तेही याच पानावर छापायचे.

चार. प्रत्येक तालुक्यात दोन मुले-मुली निवडा. मोबाईल आता घरोघरी आहे. अर्थसंकल्पाची पुस्तके आणि बीम्स या सरकारी प्रणालीवरचे खर्चाचे आकडे त्यांनी दर महिन्याला उतरवून काढायचे. कृषी पदवीच्या चार वर्षांत मला मातीतले नत्र मोजायला शिकवले, तिजोरीतला रुपया मोजायला कोणी शिकवले नाही. तो मी नंतर शिकलो. नत्रापेक्षा ते सोपे आहे.

नागपूरचा मोर्चा बंद करा असे मी म्हणत नाही. 1953 च्या नागपूर कराराने वर्षातले एक अधिवेशन आपल्या दारात आणले, ते वाया का घालवायचे? पण पुढच्या वेळी कठड्यापाशी उभे राहाल तेव्हा "वाढवा, वाढवा" अशी आरोळी देऊ नका. आपल्या आमदाराचे नाव घ्या आणि विचारा:

"साहेब, कपात सूचना किती दिल्यात?"