आवाहन आणि विसर्जन

पूजेंत ज्या हातानें आवाहन करावयाचें त्याच हातानें विसर्जन करावयाचें, हा क्रम आपल्या घरांतील मुलांसहि ठाऊक असतो. राज्यकारभारांत मात्र मतदाराच्या हातीं अक्षता दिल्या आहेत त्या आवाहनापुरत्याच. निवडून दिलेल्या प्रतिनिधीस मुदतीपूर्वीं परत बोलावण्याच्या अधिकाराविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा अधिकार आपल्याकडे मुळींच नाहीं असें नव्हे. आमच्या कोळवणसारख्या गांवीं थेट लोकांनीं सरपंच निवडण्याचा कायदा २०१७ सालीं झाला, २०२० सालीं गेला व २०२२ सालीं पुन्हां आला. अशा सरपंचावर पहिलीं दोन वर्षें अविश्वासाचा ठराव आणतां येत नाहीं. पुढें आणल्यास पंचायतीच्या तीनचतुर्थांश सभासदांची संमति तर हवीच, शिवाय ग्रामसभेनें गुप्त मतदानानें ठरावास मान्यता द्यावी लागते. म्हणजे शेवटचा शब्द गांवाचा.

परंतु सरपंचास उतरवूं शकणारें हेंच गांव आमदारास पांच वर्षें हात लावूं शकत नाहीं. लोकसभेंत चंद्रप्पन यांनीं १९७४ सालीं असा अधिकार देणारें विधेयक आणलें. तें संमत झालें नाहीं. पुढें जून २०२२ मध्यें शिवसेनेचे आमदार फुटले, उद्धव ठाकरे यांचें सरकार गेलें आणि एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. कोणी त्यास उठाव म्हटलें, कोणी फितुरी. ज्यांच्या मतांवर ते आमदार उभे होते, त्यांस आपला निवाडा देण्यास नोव्हेंबर २०२४ उजाडावें लागलें.

मग हा अधिकार दिल्यास सरकारें पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणें कोसळतील काय? अमेरिकेंतील अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर डेव्हिस पुन्हां निवडून आल्यास वर्षहि झालें नव्हतें, तोंच ऑक्टोबर २००३ मध्यें लोकांनीं त्यांस घरीं बसविलें. विस्कॉन्सिनमध्यें सरकारी नोकरांच्या संघांचे हक्क कमी केल्यावरून २०११ सालीं सत्तापक्षाच्या दोन सिनेटरांच्या जागा गेल्या. जून २०१२ मध्यें सिनेटमधील बहुमतहि एका जागेनें गेलें. त्याच दिवशीं गव्हर्नर वॉकर मात्र पूर्वींपेक्षां अधिक मताधिक्यानें टिकले. कॅलिफोर्नियांत गव्हर्नरविरुद्ध मागील निवडणुकींतील मतांच्या शेंकडा १२ सह्या पुरतात, विस्कॉन्सिनांत २५ लागतात. उंबरठा किती उंच, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

उंबरठा फार खालीं ठेवला तर अप्रिय पण हिताचा निर्णय घेण्यास कोणतेंहि सरकार धजणार नाहीं, ही भीति खरी आहे. परंतु तिचा उपाय सरपंचाच्या कायद्यांत आहेच: दोन वर्षांची उसंत, मोठ्या बहुमताची अट आणि गुप्त मतदान. सरपंचासाठीं हें पथ्य ज्यांनीं लिहिलें, त्यांनीं तें स्वतःसहि लावून घेण्यास हरकत नसावी, असें आमचें मत आहे.

तोंवर जो अधिकार हातीं आहे तो तरी वापरावा. ग्रामसभेची दवंडी ऐकून दार लोटून बसणारीं सुशिक्षित घरें थोडीं नाहींत. वाचकांनीं, व विशेषतः घरांतील भगिनींनीं, पुढील सभेस अवश्य जावें.