घरखर्चाची वही : गाडीची मोठी चाकं आणि पेट्रोलचा हिशेब

रत्नागिरीहून, नाचण्याच्या एका वाचक भगिनीनं लिहिलंय : "आमच्याकडे दोन वर्षांची स्विफ्ट आहे, अगदी साधं मॉडेल. मुलाला तिला सोळा इंची अलॉय चाकं बसवायची आहेत. या महिन्यात माझी भिशी लागतेय, तिच्यावर त्याचा डोळा. हे म्हणतात, गाडी पेट्रोल जास्त खाईल. मुलगा म्हणतो, काही फरक पडत नाही. आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघतात!"

ताई, बघणारच. पैसे तुमचे आहेत, तेव्हा निकालही तुमचाच. आणि घाबरू नका, चाकांचा हिशेब हा वाण्याच्या यादीपेक्षा कठीण नाही.

आधी गाडीजवळ जाऊन टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. तुमच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ असं असेल. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रबराची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. १६५ चे ८० टक्के, म्हणजे १३२. आणि १४ हा मधल्या रिंगचा व्यास, इंचात. आता बेरीज करा : रबर वर १३२, खाली १३२, मध्ये १४ इंच म्हणजे सुमारे ३५६. अख्खं चाक झालं ६२० मिलिमीटर उंच.

याच गाडीच्या महाग मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. करून पाहा बेरीज, ती येते ६२१ च्या आसपास. रिंग वाढली तसं रबर कमी केलं, चाकाची एकूण उंची तीच ठेवली. दुकानदार 'बसतंय हो, काही होत नाही' म्हणाला की त्याला हीच बेरीज विचारायची. १९५/५५ आर १६ म्हणाला, तर उंची ६२१, ठीक. पण पुष्कळ मुलांना गाडी उंच दिसायला हवी असते, म्हणून २०५/६० आर १६ पुढे केलं जातं. त्याची उंची ६५२, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त फरक!

इथे एक गंमत लक्षात ठेवा. गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. मोठ्या मापानं तांदूळ मोजले तर मापं कमी भरतात, तांदूळ मात्र तेवढेच असतात ना? तसंच हे. उंच चाकं घालून गाडी १०० किलोमीटर गेली तरी मीटर ९५ च दाखवणार. मग पूर्वी २० चं ॲव्हरेज देणारी गाडी कागदावर १९ देते आणि यजमान म्हणतात, 'बघ, मी सांगितलं नव्हतं?' पण तो एक किलोमीटर पेट्रोलनं खाल्लेलाच नसतो, तो मापात गेलेला असतो. वेगाचा काटाही तसाच फसवतो. तो ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ नं धावत असेल. हातखंब्याच्या पुढे हायवेवर हे बरं नव्हे.

म्हणजे मुलाचं खरं का? नाही. खरी खादाडी वेगळीकडे आहे, ती वजनात आणि रुंदीत. जुन्या घरी जातं असेल तर आठवा. पहिला फेरा ओढताना खांदा भरून येतो, मग ते आपसूक फिरतं. थांबवून पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेवढाच जोर. गाडीचं चाक जड झालं, आणि वजन काठाकडे सरकलं, की दर सुरुवातीला इंजिनाला तो जोर लावावा लागतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हे फारसं जाणवणार नाही. पण रत्नागिरीत सपाट रस्ता कुठे आहे, सांगा बघू! बाजारातून जयस्तंभावरून मारुती मंदिराकडे वर यायचं, मध्ये रिक्षा, एस.टी., शाळेची मुलं. दर पन्नास पावलांवर ब्रेक आणि पुन्हा पहिला गिअर. गणपतीपुळ्याला आरे-वारेवरून जा नाहीतर कोल्हापूरला आंबा घाटानं जा, चढ-वळणं आहेतच. चाक उंच झालं की चढावर गाडी दमते आणि एक गिअर खाली घ्यावा लागतो, ते निराळंच. शिवाय टायर रुंद असला की बहुधा घसटही जास्त.

किती फरक पडतो? २०१० साली अमेरिकेतल्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकानं फोक्सवॅगन गोल्फ गाडीला १५ पासून १९ इंचांपर्यंत पाच मापांची चाकं आळीपाळीनं बसवून पाहिली होती. सर्वांत लहान ते सर्वांत मोठं, एवढ्यात ॲव्हरेज सुमारे १० टक्क्यांनी उतरलं. तुमची उडी दोनच इंचांची आहे, म्हणून आपण निम्मं, पाच टक्के धरू. महिन्याला हजार किलोमीटर आणि २० चं ॲव्हरेज, म्हणजे ५० लिटर. १९ वर आलं तर साडेबावन्नच्या वर. हिशेबाला सोपं म्हणून लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याचे अडीचशे-पावणेतीनशे, वर्षाचे तीन हजारांवर. चाकांची किंमत वेगळीच.

'अलॉय हलकं असतं' असं मुलगा म्हणेल. असतं, पण त्याच मापाचं असेल तर. चौदाच्या पत्र्याच्या रिंगपेक्षा सोळाचं अलॉय हलकं निघेलच असं नाही. सरळ काट्यावर ठेवायला सांगा : जुनं चाक टायरसकट आणि नवंही टायरसकट. जो दुकानदार वजन करायला कां-कू करील, तिथून निघायचं.

१९५/५५ घेतलं तरी एक गोष्ट राहतेच. १३२ मिलिमीटरचं रबर १०७ वर येतं. आपल्याकडे श्रावणापर्यंत रस्त्यांची जी चाळण होते, तिच्यात हीच उशी गाडीला आणि पाठीला सांभाळते. पातळ रबर खड्ड्यात दबलं की रिंग वाकते आणि पैसे पुन्हा तुमच्याच डब्यातून जातात. चाक मडगार्डला घासतं का, भार पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी तर नाही ना, हेही विचारा. आणि विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय काही बदलू नका. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. अपघातानंतर ते वाचायची वेळ नको. डिकीतली स्टेपनी चौदाचीच राहणार, हे तर कुणी सांगतच नाही!

माझं मत विचाराल, तर आहेत ते टायर झिजेपर्यंत थांबा. मग मुलाची हौस भागवायची असेल तर कंपनीचंच १५ चं माप घ्या, तेही वजन बघून. काही टायरवर आता फ्रीजसारखी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकित चिठ्ठी असते, ती पाहून घ्या. जास्त तारे म्हणजे कमी घसट.

तोवर फुकटातला उपाय सांगते. ड्रायव्हरचं दार उघडलं की आत हवेच्या दाबाची चिठ्ठी दिसेल. सकाळी, टायर गार असताना तेवढी हवा भरून घ्या. चारही चाकांत पाच-पाच पौंड हवा कमी असली तर सुमारे एक टक्का पेट्रोल जास्त जातं, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे. डिकीत पंचेचाळीस किलो ओझं पडून असलं तरी तेवढंच. माहेरचे नारळ उतरवून घ्यायचे राहिलेत का, बघा जरा!

आणि घरातला वाद आकड्यांनी मिटवा. एकाच पंपावर टाकी भरा, नळी आपोआप बंद झाली की थांबा, मीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा भरा. जितके लिटर गेले त्यानं किलोमीटरना भागा. अशा तीन टाक्या मोजा, म्हणजे आजचं ॲव्हरेज हाती येईल. पुढे चाकं बदललीच तर पुन्हा तीन. तेव्हा मात्र हायवेवरचे किलोमीटरचे दगड पाहून मीटर आधी तपासायचा. दहा दगडांत मीटर किती पळाला ते वहीत लिहा, आणि मलाही कळवा.