दार उघडणारीच चोर?

लेस्टरहून भाचीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. "मावशी, घरात टीव्हीचा डबाच नाही, तरी टीव्हीच्या लायसनचं पत्र आलंय. पैसे भरायचे का गं?" मागनं जावईबापूंचा आवाज आला, "टाक ते कचऱ्यात. कोण आलं तर दार उघडू नको, झालं."

माझं डोकं तापलं ते या शेवटच्या वाक्यानं. जावईबापू सकाळी सातला कामावर जातात. दारावरची बेल वाजली तर घरी असणार कोण?

आधी नियम बघू, कारण आपल्या लोकांनी त्याची पार खिचडी केलीय. 'डबा नाही तर लायसन नाही' असं तिथले आपले निम्मे लोक छातीठोक सांगतात. ते खोटं आहे. ब्रिटनमध्ये लायसन डब्याला नाही, बघण्याला आहे. कुठलाही चॅनेल, कुठल्याही देशाचा, चालू असताना थेट बघितला तर लायसन लागतं. मग तो मोबाईलवर बघा नाहीतर लॅपटॉपवर. बीबीसीचं आयप्लेअर वापरलं तर थेट असो की मागाहून, १ सप्टेंबर २०१६ पासून लागतंच. नेटफ्लिक्सवरच्या सिनेमाला लागत नाही.

आता भाचीच्या सासूबाईंचं घ्या. दुपारी अडीचला, म्हणजे थंडीच्या दिवसांत आपल्याकडे रात्री आठ वाजता, त्या मोबाईलवर मराठी चॅनेल थेट लावून मालिका बघतात. याला लायसन हवं. तोच भाग रात्री जेवणं झाल्यावर ॲपवर काढून बघितला तर नको! मालिका तीच, सासू तीच, मोबाईल तोच. चॅनेलवर चालू असलेलं महाराजांचं प्रवचन थेट लावलं तरी तोच हिशेब. शिकायला बाहेर राहणाऱ्या पोरांचं तर त्याहून गमतीचं. आईबापांच्या घरचं लायसन असेल तर पोरानं खोलीवर मोबाईल नुसत्या बॅटरीवर चालवून बघितलेलं चालतं. चार्जर भिंतीला लावला की चालत नाही. हे कायद्यात बसवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

एप्रिल २०२५ मध्ये याचे वर्षाला १७४.५० पौंड झाले होते. एका घराला एक लायसन पुरतं. नाही काढलं तर दंड हजार पौंडांपर्यंत, आणि तोही फौजदारी कोर्टात. बायांनो, इथं कान द्या. या गुन्ह्यात तिथं शिक्षा झालेल्यांत दहातल्या सात आणि त्याहून जास्त बायका निघतात. बायकाच तेवढ्या टीव्ही बघतात होय? क्रिकेट आणि फुटबॉल कोण बघतं मग? खटला होतो तो दारात ज्या माणसाशी बोलणं झालं त्याच्यावर. दिवसा घरी असते ती, लेकरू कडेवर घेऊन दार उघडते ती, विचारलं तर खरं सांगते ती. हा गुन्हा दिवाणी करावा का, असं तिथल्या सरकारनं २०२० मध्ये लोकांना विचारलं आणि २०२१ मध्ये तूर्त नको म्हणून ठेवून दिलं. नियम सगळ्यांना सारखाच आहे, असं म्हणणारे म्हणतात. कागदावर सारखा आहे हो. दारात नाही. वीजबिल थकलं तर कुणी बाईला गुन्हेगार म्हणून उभं करत नाही. मग याचीच वसुली फौजदारीनं कशाला?

पण सगळा राग सरकारवर काढून मला आपल्या पुरुषांना मोकळं सोडायचं नाही. आपल्याकडंही रेडिओला लायसन होतं, पोस्टात पैसे भरायचे. १९८०च्या दशकात गेलं ते. आमच्या बेळगावच्या गल्लीत शेजारच्या अण्णांनी ते कधी काढलंच नाही. इन्स्पेक्टर आल्याची आवई उठली की रेडिओ कणगीमागं लपवायच्या काकू. अण्णा दुकानात! पैसे वाचवायचा हुशारपणा त्यांचा, धडधडणारी छाती काकूंची. लेस्टरमध्ये मला तेच घर दिसलं.

मी भाचीला सांगितलं, दार न उघडणं हा काही उपाय नव्हे. वॉरंटशिवाय त्यांना घरात शिरता येत नाही हे खरं, पण म्हणून तू रोज बेलला भीत जगायचं का? थेट बघायचं असेल तर पैसे भरा. नसेल तर आम्हांला लायसन लागत नाही असं कळवा, तशी सोय आहे. मग मात्र सासूबाईंना मालिका रात्री बघू दे. आणि लायसन काढलंच तर ते जावयांच्या नावावर काढ.

चार दिवसांनी परत फोन. काढलं म्हणे. "पण मावशी, हे विचारतात, माझ्याच नावावर कशाला? मी कुठं बघतो टीव्ही?"

मी म्हटलं, रविवारी मॅच लागली की फोन दे त्यांच्याकडं.